नेपल्स, तालुका मोताळा

दीपकने तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला आणि गाडी सुरू केली.

"मागं बघ गं," तो म्हणाला. "आई येताना दिसते का?"

निशिगंधा मागच्या सीटवर बसली होती. नऊ वर्षांची पुष्पांजली तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. तिला न हलवता निशिगंधा वळली. मागच्या काचेवर रस्त्याची धूळ बसली होती. धुळीपलीकडे रोहिणखेडची जुनी दगडी मशीद, तिची भिंत, भिंतीजवळचं कडुनिंब, आणि कडुनिंबाच्या सावलीत वच्छलाबाई. हिरवं पातळ, डोक्यावर पदर, एक हात बुंध्यावर. सासू गाडीकडे पाहत होती. गाडीकडेही नाही, काचेकडे. काचेतून थेट निशिगंधाच्या डोळ्यांत.

"नाही," निशिगंधा म्हणाली. "दिसत नाहीत."

"मग?"

"मग काय. निघायचं. जहाज थांबत नाही, तूच म्हणालास ना."

गाडी हलली. झाड मागे गेलं. झाडाखालची बाई तशीच उभी होती. तिने हात वर केला नाही.

समुद्रात

सहलीचं जहाज मे महिन्यात बार्सिलोनाहून सुटून नेपल्स, पालेर्मो, मार्सेय या बंदरांत थांबणार होतं. दीपकची बहीण रेणुका हॅम्बुर्गला राहायची. सगळ्यांची तिकिटं तिनेच काढली होती आणि एकच गोष्ट यांच्यावर सोडली होती: बंदरात उतरल्यावर गाव कसं पाहायचं, ते आज रात्रीपर्यंत कळवायचं.

तिने मोबाइलवर पाठवलेल्या पानावर दोन चौकोन होते.

एक. जहाजाची बस, सोबत वाटाड्या. छातीवर नंबराचा गोल कागद चिकटवायचा, उंच धरलेल्या पाटीमागून चालायचं. चढताना मोजतात, उतरताना मोजतात. या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं.

दोन. आपले आपण. जहाज थांबत नाही.

पानावर एवढंच. बाकीचं रेणुकाने फोनवर सांगितलं होतं. जो वेळेत आला नाही, त्याचा पासपोर्ट खोलीतून काढून बंदरावरच्या माणसाकडे देतात आणि शिडी उचलतात. "लोक धक्क्यावरून धावत येतात गं वहिनी, हात हलवत. आणि वरचे त्यांचा व्हिडिओ काढतात."

वच्छलाबाईंनी ते ऐकलं आणि हातातलं थालीपीठ ताटात ठेवलं.

"मले तं मोजणारा पाहिजे बापा," त्या म्हणाल्या. "आमी बद्रीकेदारले गेलो तवा गाडी नेनारा इंद्रभान मोजे. दयारामची बायको मांगं राह्यली एकडाव, तं त्यानं दयारामलेच उतरून देल्लं. म्हने, जाय, घेऊन ये, तवरोक गाडी हालत नाई."

दीपक हसला. निशिगंधाही हसली, पण तिला हसू आलं नव्हतं. मोजणारी माणसं तिला नको होती. नेपल्समध्ये कुठल्या तरी गल्लीत, कुठल्या तरी पायरीवर, कोणी हाक मारणार नाही अशी तिला बसायचं होतं. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत तिने मागितलेलं हे एवढंच. पण आई सोबत असल्या की बस. बस म्हणजे पाटी, पाटी म्हणजे रांग.

तिला सासूच्या तोंडून फक्त एक वाक्य हवं होतं: तुम्ही जा, मी जहाजावरच बसते.

नांदुऱ्याजवळ वडनेरला, सासरी आल्यापासून ती त्या वाक्यासाठी वाट करून देत होती. तिकडच्या पायऱ्यांबद्दल बोलली. गुडघ्यांबद्दल बोलली. रस्त्यात दगड बसवलेले असतात, पाय मुरगळतात, असं म्हणाली.

"दगडं का आमच्या वावरात कमी हायेत?" वच्छलाबाई म्हणाल्या. वाक्य आलं नाही.

आपले आपण फिरून वेळेत परतायचा सराव करायची कल्पना दीपकची. पुण्याच्या कारखान्यात तो आग लागल्याचे सराव घ्यायचा, त्यामुळे कोणत्याही गोष्टीचा सराव होतो असं त्याला वाटे. रोहिणखेड म्हणजे नेपल्स. गाडी म्हणजे जहाज. मोबाइल गाडीत ठेवायचे, कारण तिकडे चालतीलच असं नाही. ज्याने त्याने आपापलं फिरायचं. हॉर्न वाजला की परत. नाही आलं तर जहाज गेलं.

"अन् कुठी जाते तुहं जहाज?" वच्छलाबाईंनी विचारलं होतं. "मोताळ्याले?"

नेपल्स, पुन्हा

मागं बघ गं. आई येताना दिसते का?

नाही. दिसत नाहीत.

गाव संपलं तिथे, कपाशीच्या वावराला लागून दीपकने गाडी उभी केली. बोंडं फुटली होती. त्या पांढऱ्या रंगाकडे निशिगंधा पाहत राहिली. घाबरतील थोड्या, ती मनात म्हणत होती. पाचच मिनिटं. मग ते वाक्य आपोआप येईल. आपण काही केलं नाही. आपण फक्त म्हणालो, दिसत नाहीत.

"बस झालं," दीपक म्हणाला आणि गाडी वळवली.

कडुनिंबाखाली कोणी नव्हतं.

आधी तिला राग आला. मग तिने सीटवर पडलेली सासूची पिशवी पाहिली. पिशवीत मोबाइल, बिस्किटांचा पुडा, मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी. सकाळची गोळी घेतलेली होती. जेवण मात्र परतताना मोताळ्याला करायचं ठरलं होतं. पोट रिकामं राहिलं की वच्छलाबाईंना दरदरून घाम फुटायचा, जीभ जड व्हायची, कधी मटकन खाली बसायच्या. मागच्या वर्षी ओसरीतच पडल्या होत्या. तेव्हा शेजारच्या जनकाबाईने तोंडात साखर कोंबली होती.

इथे जनकाबाई नव्हती.

"तू मशिदीच्या मागून बघ," दीपक म्हणाला. "मी बाजाराकडून येतो. पुष्पू, गाडीतून उतरायचं नाही."

"आजी कुठंय?" पुष्पांजली डोळे चोळत म्हणाली.

निशिगंधा भिंतीला वळसा घालून धावली. मागच्या बाजूला दगडांचा ढीग, बाभळी, एक बोळ. बोळात शेळी. पुढे विहीर, कठडा अर्धा ढासळलेला. तिथे जायचं नाही असं तिच्या पायांनी ठरवलं होतं, तरी ती गेली. कठड्याला हात टेकून तिने खाली पाहिलं.

पाण्यावर हिरवं काही तरी पसरलं होतं.

ती पाहत राहिली. मग विहिरीच्या पोटातून एक पारवा फडफडत वर आला, पाणी हललं आणि ते हिरवं फाटलं, विरळ झालं. शेवाळ होतं.

ती कठड्याजवळच खाली बसली.

दीपक, मी मघाशी

दीपक, एक सांगू, रागावू नकोस, आई

दीपक, त्या झाडाखाली

एकही वाक्य पुढे जाईना. प्रत्येक वाक्य त्या झाडापर्यंत जायचं आणि झाडाखाली कोणी नसायचं.

समोरच्या ओट्यावर एक बाई गहू निवडत होती. सूप तसंच ठेवून ती उठून आली.

"काय झालं व बाई? चक्कर आली काय?"

"माझ्या सासूबाई. हिरवं पातळ. पाहिल्या का तुम्ही?"

"हिरवं पातळ," ती बाई म्हणाली आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडली, "ओ फहीमचे अब्बा! ते अम्मा कुठी गेली, झाडाखालची?"

रस्त्याच्या पलीकडे, कडुनिंबासमोर, चहाची टपरी होती. निशिगंधा उठून तिकडे गेली; दीपक तिथेच उभा होता. टपरीवाल्याने, त्या बाईच्या नवऱ्याने, कय्यूमने, गाळणी पातेल्यावर आपटली.

"तेच सांगून राह्यलो यायले, बिलकिस. होत्या ना. लय येळ उभ्या होत्या. म्या म्हटलं, अम्मा, बसा, चाय घ्या. तं म्हने, नाई, मले पाहू दे."

"काय पाहू दे?" दीपकने विचारलं.

"काय मालूम. तुमची गाडी निंगाली तं पाहतच राह्यल्या. म्या म्हटलं, अरे अम्मा, हात तं करा! नाई केला."

दीपकने निशिगंधाकडे पाहिलं नाही. तो कय्यूमकडेच पाहत होता.

"म्हणजे तिला गाडी दिसत होती?"

"समोरच तं होती, साहेब. इथून तिथं. त्यायले गाडी दिसे, अन् गाडीतून त्या दिसत असतीन."

निशिगंधा उन्हात उभी होती. बिलकिस, फहीम, अब्बा, अम्मा, चहा, असे शब्द आजूबाजूला चालले होते. तिला एकच वाक्य ऐकू येत होतं.

"मंग?" दीपक.

"मंग काळीपिवळी जीप आली, तिच्यात बसल्या. मोताळ्याले. जाताना हासल्या उलीश्या. पन चेहरा उतरला होता हं. जल्दी जा तुमी."

दोन्ही चौकोन रिकामे

मोताळ्याच्या रस्त्यावर दीपकने गाडी जोरात घेतली. एक ट्रॅक्टर ओलांडला. एक बैलगाडी ओलांडली. प्रत्येक जीपच्या मागे गेल्यावर तो वेग कमी करून आत पाहायचा.

"तू वळून पाहिलं होतंस ना?"

"हो."

"नीट?"

"काचेवर धूळ होती. ऊन पण."

त्याने मान हलवली. तिला वाटलं, विश्वास बसला. मग वाटलं, नाही बसला. त्याने आरसा थोडा खाली केला. त्याला रस्ता पाहायचा होता की तिचा चेहरा, ते तिला कळेना. तिने पुष्पांजलीला जवळ ओढलं. आता ही पोर काही बोलेल, असं तिला उगाचच वाटायला लागलं. पोर तर झोपली होती. पण झोपली होती, हे तरी नक्की कशावरून?

सांग, ती स्वतःला म्हणाली. पुढच्या मैलाच्या दगडाला सांग.

दगड आला आणि गेला.

आई जिवंत असू दे, ती म्हणाली. आणि त्याच श्वासात, अगदी त्याच श्वासात, आणखी एक मागणं तिच्या मनात आलं: पण त्यांना आठवू नये. त्या मागण्याची तिला इतकी भीती वाटली की तिने काच खाली केली आणि तोंड वाऱ्यात धरलं.

मार्सेय, म्हणजे मोताळा

एसटी स्टँडवरच्या बाकावर वच्छलाबाई बसल्या होत्या. शेजारी कोणाची तरी भाजीची पाटी, हातात केळं, अर्धं खाल्लेलं. कपाळाला घाम आणि ओठ पांढरे. पण बसल्या होत्या ताठ.

दीपक धावत गेला आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला. आधी त्याने त्यांचे दोन्ही पाय धरले, मग चिडला.

"काही अक्कल हाय का तुले? जीव गेला ना माहा! कुठी निंगाली होती?"

"घरी," वच्छलाबाई म्हणाल्या. "नांदुऱ्याची गाडी लागाची हाय. तुहं जहाज तं गेलं होतं."

"पाच मिनिटात आलो ना वळून!"

"मले काय ठाव? तूच म्हने, थांबत नाई."

"अन् हात काऊन नाही केला? तो चहावाला म्हणते, गाडी समोर दिसत होती तुले."

निशिगंधा दोन पावलं मागे उभी होती, हातात सासूची पिशवी घेऊन. वच्छलाबाईंनी मान वर केली. मघाशी काचेतून आले होते तेच डोळे. आता मध्ये काच नव्हती, धूळ नव्हती. स्टँडवर कुठली तरी गाडी लागल्याची घोषणा झाली आणि संपली. तरी त्या पाहत होत्या.

"उन्हानं डोये दिपले होते," वच्छलाबाई म्हणाल्या. "नाई दिसली मले गाडी."

"पण तो म्हणते..."

"त्याले काय समजते? चाय उतू चालली होती त्याची, अन् गोष्टी सांगते."

दीपकने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग खिशातून मोबाइल काढला. पान उघडंच होतं.

"विषय संपला," तो म्हणाला. "सगळ्या बंदरांवर बस. वाटाड्या. मोजू दे त्यांना. मला पुन्हा हे नको."

"नको," वच्छलाबाई म्हणाल्या.

"आता काय नको?"

"बस नको. आपले आपण फिरू. तुह्या बायकोच्या मनात हाय तसं." त्यांनी उरलेलं केळं सावकाश संपवलं, साल पदराआड धरली. "मोजणाऱ्याचं काय खरं हाय? तो डोकी मोजते."

"आई, तूच तर म्हणत होतीस..."

"तवा म्हनत होती. आता पाह्यलं ना म्या." त्यांनी हात पुढे केला. "ये व निशिगंधा, बस इथी. मी हिचा हात धरून चालीन तिकडं. ही मांगं वळून पाह्यते. मले माहीत हाय."

दीपक आता कुठे हसला. सुटल्यासारखा. "हे बरं आहे. सासू-सुनेनं ठरवलं म्हणजे आम्ही कोण?" त्याने बायकोकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यात कौतुक होतं. निशिगंधाला ते पाहवेना.

ती बाकावर बसली. वच्छलाबाईंनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. हात गार होता, घामाने ओला, आणि त्यात अजून थरथर होती. पण पकड तशी नव्हती. दोरीने बांधावं तशी बोटं बोटांत रुतली.

"बिस्कीट देऊ का?" निशिगंधा कसंबसं म्हणाली. "पिशवीत आहे."

"देजो. घाई नाई."

दीपकने दुसरा चौकोन दाबला. नेपल्स, पालेर्मो, मार्सेय. मग पान थोडं वर सरकलं आणि तळाशी आणखी एक छोटा चौकोन दिसला. त्याने वाचून दाखवलं: आम्ही वेळेत परतलो नाही तर जहाज थांबणार नाही, हे आम्हाला मान्य आहे.

"हे तू कर," तो म्हणाला. "तुझीच इच्छा होती."

मोबाइल तिच्यासमोर आला. निशिगंधाने उजवा हात सोडवून पाहिला, हळूच, आईंना कळणार नाही असा. सुटला नाही.

मग तिने डाव्या हाताचं बोट पुढे केलं.