पडलेल्या माणसांची खुर्ची

मित्रांनो, माझ्यात हौसेने कुणीच बसत नाही. सरकारी रुग्णालयातली मी एक जुनी चाकांची खुर्ची. हाडांच्या विभागात माझा मुक्काम. कारखान्यातून आले तेव्हा माझे लोखंड लखलखत होते. मोठ्या डॉक्टरांनी मला स्वतः ढकलून पाहिले आणि "लोण्यासारखी चालते की!" असे माझे कौतुक केले. आता माझ्या रंगाचे पोपडे निघाले आहेत. ब्रेक सैल झाले, तेव्हा "उद्या बघू" एवढ्यावरच माझी बोळवण होत राहिली.

माझ्यात बसणारे बहुतेक जण म्हातारे असतात. कुणाची पायरी चुकलेली, कुणाचा पाय पायपुसण्यात अडकलेला. ते माझे हात घट्ट धरतात आणि त्यांच्या घामेजल्या मुठींतली भीती माझ्या लोखंडात उतरते.

रंगारीबाबाही तसेच आले. जन्मभर त्यांनी उंच इमारती रंगवल्या होत्या. "परांचीवरून कधी पाय घसरला नाही, आणि पडलो कुठे, तर मोरीत!" असे सांगून त्यांनी सिस्टरना हसवले. स्वतः मात्र हसले नाहीत. त्यांचा खुबा मोडला होता. ऑपरेशन झाले. मग रोज त्यांची लेक त्यांना माझ्यात बसवून व्यायामाच्या खोलीत नेऊ लागली.

एका सकाळी बाबांना व्हरांड्यात थांबवून लेक औषधे आणायला गेली. तेवढ्यात मोठे डॉक्टर आणि आरोग्य खात्याचे साहेब बोलत बोलत आमच्यापाशीच येऊन उभे राहिले. बाबा जणू बहिरेच, असे त्यांचे बोलणे चालले होते.

"एक म्हातारा पडला की खाट अडते," साहेब म्हणाले. "रक्त, औषधं, माणसं, सगळा भार सरकारी तिजोरीवर. लहान मुलांच्या वॉर्डातली यंत्रं यापायीच लांबणीवर पडली."

"म्हणून तर घरोघरी जाऊन निसरड्या मोऱ्या, अंधारे जिने बघायला मी माणसं मागतोय," डॉक्टर म्हणाले. "पडण्याआधी सावरायला असं कितीसं लागतं हो?"

ते दोघे पुढे निघून गेले. डॉक्टरांचे बोलणे बाबांच्या कानात शिरलेच नव्हते.

"लेकरांच्या वाटणीचं खातोय मी," ते पुटपुटले. "नको. चालता येतंय मला. जातो घरी."

माझे ब्रेक धरणार नाहीत हे मला ठाऊक होते. ओरडावेसे वाटले, पण लोखंडाला तोंड कुठून फुटणार? बाबा माझ्या हातांवर भार देऊन उठले. क्षणभर उभेही राहिले. मग मी मागे सरकले. आधारासाठी त्यांनी हात मागे टाकला, तर तिथे मी नव्हतेच.

लेक धावत आली. "बाबा, मला हाक का नाही मारलीत हो?" एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

जोडलेले हाड पुन्हा निखळले. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा रक्त, पुन्हा तीच अडलेली खाट. जो खर्च वाचवायला बाबा उठले, तो आता दुप्पट झाला. डॉक्टर त्यांच्या खाटेशी स्टूल ओढून बसले.

"चूक आमची आहे, बाबा. तुमच्यासमोर बोललो, पण तुमच्याशी बोललो नाही. हे रुग्णालय लोकांच्या पैशावर चालतं. त्यात तुमच्या घामाचा पैसाही आहे. तुमचा हक्क आहे इथे."

बाबांनी डोळे पुसले. त्याच दुपारी माझे ब्रेक बदलले गेले. मला मात्र नव्या ब्रेकचा आनंद झाला नाही.

त्यानंतर बाबांना उभे राहण्याचीच धास्ती बसली. पाय जमिनीला लागला की त्यांना कापरे भरे. व्यायामाच्या बाई म्हणत, "हाड जुळलंय बाबा, आता मन जुळवू या." लेकीने मोरीत दांडा बसवून घेतला, फरशी खरखरीत करून घेतली. अखेर एक दिवस काठी टेकत, एक पाय ओढत बाबा दारापर्यंत चालत गेले. लेक त्यांना चिकटून चालत होती. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. बरेच झाले.

ते गेले न गेले तोच एका आजींना माझ्यात बसवले गेले. त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. "माझ्या मुलाला कळवू नका हो," त्या सिस्टरना म्हणाल्या. "तो रागावेल."

मित्रांनो, तुमच्या घरातली म्हातारी माणसे आपली भीती अशीच गिळून बसतात. रागावू नका त्यांच्यावर. आज घरी गेलात की त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "आजी, आजोबा, घरात तुम्हाला कुठे भीती वाटते?" ते जी जागा दाखवतील, तिची दुरुस्ती उद्यावर ढकलू नका. मग माझ्यात बसायला कुणी येणार नाही. मी कोपऱ्यात पडून राहीन, गंजेन. गंजू दे मला.