सरांच्या आडनावाचा बंध

सरांनी नवा रासायनिक बंध शोधला आणि त्याला स्वतःचं आडनाव दिलं. बंधाची कर्तबगारी एवढीच, की तो तुटत नव्हता.

आमचं काम मेंदूतल्या पेशींवरच्या साखळ्यांवर. कड्या साखरेच्याच, पण प्रत्येक कडी आम्ल. साखर असून आंबट, थोडक्यात माझी आत्या. कडीला कडी एका ठरलेल्या बंधाने जोडलेली असते आणि नेमका तोच बंध कापणारं एन्झाइम बाटलीत मिळतं. आम्ही त्याला कात्री म्हणतो. सरांच्या साखळीवर कात्री चालेना. म्हणजे बंध नवा, असं सरांनी ठरवून टाकलं. परिषदेसाठी पोस्टर छापून आलं, त्यावर सरांच्या नावाखाली माझं नाव. केकही आला. तो मात्र पहिल्याच सुरीला कापला गेला.

मला खटकत होतं वेगळंच. आमच्याकडे प्रत्येक नमुना आधी आम्लात बुडवून ठेवतात. का, तर सरांचे गुरू ठेवायचे. गुरू का ठेवायचे हे विचारायची सोय नाही. ते वारले, आणि हयातीत विचारणारे त्यांच्याकडे फार टिकले नव्हते. आता या कड्या आम्लात ठेवल्या, की शेजारणी एकमेकींच्या कोपरात कोपर अडकवून बसतात. मूळ बंध जुनाच, पण कात्रीला शिरायला फट उरत नाही. सरांनी बंध शोधला नव्हता, साखळीला पेटके आणले होते.

आमच्यातली सीनियर ताई म्हणाली, गप्प बस, आधी पदवी घे, मग पाजळ अक्कल. तिने स्वतः तसंच केलं होतं. पदवी मिळाली, अक्कल कुठे ठेवली ते आता तिला आठवत नाही.

मी सरांच्याच साखळीच्या दोन नळ्या घेतल्या. दोन्हींत थोडा अल्कली घालून कोपरं सोडवली, मग अल्कली मारून टाकला. एकीत कात्री घातली, दुसरीत नाही. कात्रीवालीचे तुकडे झाले, दुसरी साखळी अखंड. सगळ्यांसमोर मी निकाल सरांच्या टेबलावर ठेवला.

नळ्यांची अदलाबदल झाली असेल, असं सर म्हणाले. मी म्हटलं, मग तुमच्या हाताने करा. सरांनी हात खिशात घातले.

"पोस्टरवर नाव हवंय ना तुला?"

"नको, सर."

"आणि पदवी? सही माझीच लागते."

"पदवी हवीय. या बंधावरची नको."

मी ब्लेड घेतलं आणि पोस्टरवरचं माझं नाव चौकोनी कापून काढलं. ताईने डोळे मिटून घेतले. नवं पोस्टर छापायला वेळ नव्हता, आणि परिषदेतली माझी नोंदणी रद्द करायला सर विसरले.

परिषदेत सर पोस्टरपुढे उभे होते. आडनावाखाली चौकोनी भोक, भोकातून मागची भिंत. छपाईचा दोष, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मी बोलावलेलं नसताना शेजारी जाऊन उभी राहिले.

एका म्हाताऱ्या बाईंनी चष्मा वर करून भोकात बोट घातलं. "हे काय?"

"इथे माझं नाव होतं."

"मग कापलं का?"

"नाव सहज कापलं गेलं," मी म्हटलं. "बंधही जातो. दाखवू?"

सर खोकले. बाईंनी खुर्ची ओढली आणि पोस्टरकडे पाठ करून बसल्या. मी पिशवीतून नळ्या काढल्या.