शिगेवरचे दाणे

मी एक जुनं पितळी माप आहे. पोटात चार ओंजळी धान्य मावतं, काठाला एक पोचा आहे आणि सध्या बाजाराच्या कचेरीत लेखण्या सांभाळत बसले आहे. कारकून येता-जाता मला फुलदाणी म्हणतो. म्हणू दे बापडा.

मित्रांनो, मी आपल्या देशाहून फक्त दोन महिन्यांनी लहान. त्याआधी डोंगरातले आणि सपाटीवरचे लोक एका राज्याचे नव्हते. बाजार तेवढा एक. ज्याचं त्याचं माप वेगळं, त्यामुळे पोत्यागणिक भांडण ठरलेलं. नव्या देशाचे पहिले अध्यक्ष पूर्वी शाळेत गणित शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. देश एक, तर माप एक, असं त्यांनी ठरवलं. गावोगावची मापं गोळा करून तांबटाने वितळवली आणि त्यातून आम्हा साठ भावंडांना घडवलं. इतकी भांडणं एका भट्टीत आपण कधी घातली नव्हती, असं तो म्हणाला.

मी मापाडीणबाईंच्या वाट्याला आले. त्यांचं माहेर डोंगरात, सासर सपाटीवर. हात असा चोख, की दाणा इकडचा तिकडे होत नसे. नियम सोपा होता. माप भरायचं आणि काठावरून लाकडी पट्टी फिरवायची. भांडणं मिटली, लांबची गिऱ्हाइकं येऊ लागली, व्यापार वाढला. मला रोज राखेने घासून लखलखीत करत. खरं सांगते, मी थोडी शेफारले होते.

पण डोंगरातल्या लोकांच्या धर्मात सपाट माप भरणं म्हणजे पाप. ते काठावर उंच रास होईल अशी शीग लावून भरत आणि शिगेवरून घरंगळलेले दाणे ज्यांना शेत नाही त्यांचे असत. संध्याकाळी ती माणसं येऊन दाणे वेचून नेत. माझ्या पट्टीखाली सांडायला काही उरेना.

एके दिवशी डोंगरातले धर्मगुरू आले आणि बाईंना शांतपणे म्हणाले, की पुढच्या बाजारापासून आमच्या गाड्या येणार नाहीत. आमचा बाजार वेगळा, वेळ पडली तर देशही वेगळा. त्या गाड्यांतली एक बाईंच्या भावाची होती. माहेर परदेश होणार, या विचारात मी पहिल्यांदाच बाईंच्या हातून निसटले आणि दगडावर पडले. हा पोचा तेव्हाचा.

बाईंनी मास्तरांना निरोप धाडला. मास्तर आले ते चिडूनच. नियम म्हणजे नियम, एकाला सूट दिली की सगळं मुसळ केरात, असं त्यांनी बजावलं. बाईंनी वाद घातला नाही. त्यांना फक्त संध्याकाळपर्यंत बसायला सांगितलं.

दिवस कलल्यावर एक म्हातारी केरसुणी घेऊन आली. तिने माझ्या आजूबाजूची जमीन झाडली, केर सुपात घेऊन पाखडला. नुसती धूळ उडाली. रिकामं सूप काखेत मारून ती निघून गेली. मास्तर तिच्या पाठीकडे बघतच राहिले.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “मी माप पाहिलं, खालची जमीन पाहिलीच नाही.”

“नऊ मापं सपाट भरू,” बाई म्हणाल्या. “दहावं शिगेचं. शीग बिनशेतवाल्यांची.”

व्यापाऱ्यांनी नाकं मुरडली. तेव्हा त्यांच्यातलाच एक म्हातारा म्हणाला, “डोंगराच्या गाड्या गेल्या तर काय विकणार आहात, वारा?” धर्मगुरूंनीही बराच विचार करून मान डोलावली. दाणे पोचल्याशी देवाला मतलब, असं ते म्हणाले.

पहिली शीग मास्तरांनी स्वतः लावली. खडूचा हात तो! निम्मं धान्य जमिनीवर. सगळा बाजार हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने बाईंचा भाऊ. त्याची गाडी पुढच्या बाजारालाही आली.

आता विजेचे काटे आले आहेत. मला कोणी घासत नाही, याचं वाईट वाटतं. पण दहाव्या पोत्याला अजूनही चार ओंजळी बाजूला निघतात, आणि ते पाहिलं की माझं पोट भरतं.

मित्रांनो, मला घासलं नाहीत तरी चालेल. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, देशासाठी नियम कराल. सही करण्याआधी एकदा बाजारात या, संध्याकाळपर्यंत बसा आणि त्या नियमाने कोणाचं सूप रिकामं राहतं ते बघा.