माल्ट गल्लीच्या विहिरीचा दोर

"हे बघ, ॲम्ब्रोस. 'माल्ट गल्लीतली विहीर आठ दिवसांत बुजवावी.' सरळ आहे की!" कारकून पेनफोल्डने नगरसभेच्या वहीवर बोट आपटलं.

मला वाचता येतं बेताचंच, पण तेवढं पुरलं.

"मास्टर पेनफोल्ड, विहीर नाही हो, विहिरीतली फट! फट बुजवायची ठरली होती. अर्ज माझाच होता. चांभारांच्या गटाराचं पाणी त्या फटीतून आत झिरपतंय म्हणून."

"असेल. पण वहीत फट नाहीये."

"मग सभेत लिहिलेला तो कच्चा कागद काढा."

तो जरा चपापला. "त्यात बायकोनं चीज गुंडाळून माहेरी धाडलं."

याच्या टाळक्यात ती वही घालावी असं मला अगदी मनापासून वाटलं. टोपी हातात धरून मी नुसता उभा राहिलो. आमच्या गिल्डहॉलमध्ये, नगराच्या सभागृहात, माणसं अशीच उभी राहतात.

मी पिंपं आणि बादल्या बनवतो. सोळा वर्षं माल्ट गल्लीच्या विहिरीचा राखणदारही आहे. हे काम कुणी मागून घेत नाही, ते गळ्यात पडतं. दरवर्षी सप्टेंबरअखेर, मायकेलमसच्या दिवशी, शपथ घ्यायची: पाणी स्वच्छ राखीन, दोर शाबूत ठेवीन, नगराचा हुकूम पाळीन. त्या दिवशी विहिरीचा दोर खांद्यावर टाकून गिल्डहॉलमध्ये न्यायचा. मेयर तो सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी ओढून बघतात आणि "चांगला आहे" म्हणतात. शपथ मोडली तर नागरिकांच्या यादीतून नाव जातं. नाव गेलं की दुकानाला कुलूप.

तसाच मेयर गॉसेजसाहेबांच्या कापडाच्या दुकानात गेलो. ते गजाने लोकरीचं कापड मोजत होते.

"फटच ठरली होती, ॲम्ब्रोस," ते म्हणाले. "मला चांगलं आठवतंय."

"मग झालं तर! तेवढं पेनफोल्डला सांगा."

"अरे, पण माझी आठवण वहीत नाही ना! वहीतला एक शब्द मी खोडला, तर उद्या अख्खं गाव आपापला शब्द खोडायला येईल. पुढच्या सभेत मांड."

"सभा सुगीनंतर. हुकूम आठ दिवसांचा."

"हो रे, ते आहेच," असं म्हणून ते पुन्हा गज लावायला लागले.

आता खरी परीक्षा होती ती अक्कासमोर. थॉमसिन माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून तिचं घर बिअरवर चालतं. दारावर काठी लावून तिला हिरवी डहाळी बांधली की गल्लीला कळतं, ताजी बिअर तयार आहे. कमरेने अधू आहे, पण विहीर दारापासून वीस पावलांवर. नदी टेकडीखाली, आणि तिच्यात चांभार कातडी धुतात.

सगळं ऐकून तिने बादली खाली ठेवली.

"म्हणजे फट बुजवायला पाठवला, तर तू विहीरच बुजवून आलास?"

"अगं अक्का, मी नाही, त्या पेनफोल्डनं..."

"चार मुठी चुना आणि ओंजळभर चिकणमातीचं काम! मी म्हटलं होतं, उतर खाली आणि लिंपून टाक. तर हा शहाणा म्हणतो, रीतसर परवानगी घेऊ. घेतलीस ना? मिळाली ना?"

खरंच होतं ते. फट मला कधीच बुजवता आली असती. पण मला सगळं नियमात बसवायची खोड. त्या खोडीपायी मी अक्काचं पाणी घालवलं.

ते आठ दिवस मी दारोदार फिरलो. नगरसभेच्या बाराही सभासदांना फट आठवत होती. पण वहीतली चूक सुधारून त्यावर सही करायला एकजण पुढे आला नाही.

आठव्या दिवशी सकाळी नगराच्या दोन गाड्या दगडमाती घेऊन आल्या. अक्काने शेवटची बादली काढली आणि ती घेऊन घरात गेली. गाडीवाला म्हणाला, "टाकू का?"

"थांब जरा," मी म्हटलं. चुना आणि चिकणमाती घेऊन मी विहिरीत उतरलो. फट माझ्या तळहाताएवढी होती. ती नीट लिंपली, वरून बोट फिरवलं, वर आलो.

"आता कशाला रे लिंपलंस?" गाडीवाल्याने विचारलं.

"ठरलं होतं म्हणून," मी म्हणालो. मग फावडं हातात घेतलं. दुपारपर्यंत विहीर जमिनीच्या बरोबरीला आली होती.

तरी अक्काने एकदा नदीच्या पाण्याची बिअर करून पाहिली. पहिल्याच घोटाला शेजाऱ्याने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तिने दारावरची काठी उतरवली. आता ती दुसऱ्यांची लोकर कातते.

सुगीनंतर सभा भरली, तेव्हा वहीतली चूक दुरुस्त करावी हा माझा अर्ज पेनफोल्डने वाचला आणि बाजूला ठेवला. "विहीरच नाही, तर दुरुस्ती कशाची करणार?" सगळ्यांना ते पटलं.

मायकेलमसच्या आधी मात्र मला दरवर्षीसारखं बोलावणं आलं: राखणदाराने दोर घेऊन हजर व्हावं. विहीर बुजवायचा ठराव होता, राखणदार काढायचा कुठे होता? अस्सा संताप आला! वाटलं, तो दोर पेनफोल्डच्या दारावर फेकून यावा. मग खुंटीवरून काढला, त्याला चरबी चोळली, खांद्यावर टाकला आणि गेलो.

"माल्ट गल्लीच्या विहिरीचा राखणदार, ॲम्ब्रोस टिली!"

"हजर."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. गॉसेजसाहेबांनी दोर दोन्ही हातांत घेऊन ओढला, आणि तसाच धरून राहिले.

"कोरडा आहे, ॲम्ब्रोस," ते हळूच म्हणाले.

"हो, मेयरसाहेब."

त्यांनी घसा साफ केला. "चांगला आहे," ते मोठ्याने म्हणाले. पेनफोल्डने लिहून घेतलं. मी बायबलवर हात ठेवून, पाणी स्वच्छ राखीन, अशी शपथ घेतली.

घरी आलो तर अक्का दारात कातत बसली होती.

"काय म्हणाले?"

"दोर चांगला आहे म्हणाले," मी सांगितलं, आणि तो पुन्हा खुंटीला अडकवला.