कपाटात कोण होतं

कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये तिला सगळे भुताई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचंही. दिवसभर प्लॅस्टरच्या साच्यावर मेण चढवायचं, त्यात एकेक दात बसवायचा, हिरडीचा गुलाबी रंग जुळवायचा, आणि रोज सकाळी सहा ते साडेसात भुतं लिहायची, असा तिचा बारा वर्षांचा शिरस्ता होता.

लिहिण्याच्या सवयी तिच्या तऱ्हेवाईक. वॉशिंग मशीन चालू असल्याशिवाय तिला ओळ सुचत नसे. कपडे नसले तर ती रिकामंच फिरवायची आणि त्याच्या शेजारी फरशीवर बसून पेन्सिलीने लिहायची. कागद म्हणजे लॅबमधल्या जुन्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या. एका बाजूला ‘खालची कवळी, पेशंट चावताना दुखतं म्हणतो’ आणि मागच्या बाजूला विहिरीतून वर येणारं प्रेत. घरातल्या एकाही कपाटाला दार नव्हतं, नुसते पडदे होते. कुणी विचारलं तर म्हणायची, दारं कुरकुरतात, लिहिताना लक्ष जातं.

तीन प्रकाशकांपुढे दातांच्या कण्या करून झाल्यावर तिने स्वतःच छापायला सुरुवात केली होती. रविवारी टाइप करायचं, मुखपृष्ठ स्वतः काढायचं, छापखान्यातून दोनशे प्रती आणायच्या, ओट्यावर पार्सलं बांधायची. पहिली तीन पुस्तकं जेमतेम खपली. चौथं मात्र हातोहात गेलं. त्यात सात वर्षांचा एक मुलगा होता, लोखंडी कपाटात कोंडलेला. तो आत मरतो आणि मग त्या घरातलं प्रत्येक दार आतून लागायला लागतं.

एका वाचनालयाने तिला बोलायला बोलावलं. हॉल भरला होता. एक तरुण बाई मोबाईलवर सगळ्याचा व्हिडिओ टिपत होती, तिनेच विचारलं, “एवढी भीती तुम्ही आणता कुठून?”

या प्रश्नाचं उत्तर भुताईकडे तयार असायचं. ‘रोज तीस जबडे बघते, आणखी काय हवं?’ त्यावर लोक हसायचे. पण त्या दिवशी समोरच्या चेहऱ्यांना हसायचं नव्हतं. ते वाट बघत होते. तिने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“आमचे बाबा मला कपाटात कोंडायचे,” ती म्हणाली.

मग ती थांबलीच नाही. आतला गंजाचा वास, फटीतून दिसणारी उजेडाची रेघ, कुणीतरी मोठ्याने मोजतंय तो आवाज. पहिल्या रांगेतल्या एका बाईने पदर डोळ्यांना लावला. हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. असा सन्नाटा आपल्या एखाद्या पानावर उतरावा म्हणून भुताई बारा वर्षं झिजली होती.

पुढच्या रविवारी दुपारी धाकटा भाऊ न कळवता दारात उभा राहिला. तो शहरात बस चालवायचा. लिफ्ट चालू असूनही चार मजले चढून आला होता, नेहमीसारखाच. पाणी दिलं ते त्याने खाली ठेवलं.

“व्हिडिओ पाहिला.”

“आवडला?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“कपाटात मी होतो, ताई.”

तिच्या तोंडचं पाणी पळालं. आत मशीन फिरत होतं. ती उठून ते बंद करून आली.

“माझ्या मुलीने मला दाखवला,” तो म्हणाला. “म्हणते, बाबा, आत्याला किती त्रास झाला ना? मी काय सांगणार? हो म्हटलं.”

खरं दोघांनाही माहीत होतं. तो सात वर्षांचा, ती अकराची. त्याच्या हातून काही सांडलं, फुटलं की बाबा त्याला कपाटात घालायचे आणि किल्ली तिच्या हातात द्यायचे. पाचशेपर्यंत मोज, मग उघड. आतून आवाज आला तर परत एकपासून. ती इमानेइतबारे मोजायची. एकदा तीनशेवर असताना मैत्रिणीने खालून हाक मारली. तिने किल्ली खिळ्याला अडकवली आणि खेळायला गेली. परत आली तेव्हा दिवेलागण झाली होती.

“त्या दिवशी मी विसरले होते रे,” ती म्हणाली.

“तुझा आवाज येत होता मला. खाली खेळताना. राज्य कुणावर आलं तेसुद्धा कळत होतं.” त्याने हातातली टोपी उलटी केली, सुलटी केली. “आणि तुझ्या पुस्तकातला मुलगा दार बडवतो, किंचाळतो. मी एकदाही ओरडलो नाही. ओरडलो असतो तर तू परत एकपासून सुरू केलं असतंस.”

“पुस्तक बंद करते मी. छापणारी मीच आहे, कुणाला विचारायला नको.”

“पुस्तकाचं तुझं तू बघ. माझ्या मुलीला मात्र तू येऊन सांग. मला ते जमायचं नाही.”

आठवडाभर ती सकाळी मशीनपाशी बसली. भाचीला काय सांगायचं ते आधी लिहून काढू, असा तिचा बेत. पण कागदावर उतरली की गोष्टच व्हायची. किल्ली बर्फासारखी गार पडायची, कपाटामागे सावली हलायची, अकरा वर्षांची मुलगी बिचारी होऊन रडायची. तिने चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्या फाडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच तिला साधं वाक्य लिहिता येत नव्हतं. शेवटी ती काहीच न लिहिता भावाकडे गेली.

भाची नऊ वर्षांची. आत्या आली म्हणताच येऊन मांडीला टेकून बसली. भुताईने सरळ सांगून टाकलं. कपाटात तुझे बाबा असायचे. मी बाहेर असायचे. किल्ली माझ्याकडे असायची. लोकांपुढे मी खोटं बोलले.

मुलीने मान वर केली. “मग तू उघडलं का नाहीस?”

“आमच्या बाबांची भीती वाटायची.” एवढ्यावर थांबता आलं असतं. भाऊ स्वयंपाकघराच्या दारात ओले हात घेऊन उभा होता. “आणि बरंही वाटायचं. आत मी नाही, याचं.”

हे ती कुणाजवळही बोलली नव्हती, स्वतःशीसुद्धा नाही. भाऊ वळून आत गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ तसाच वाहत राहिला. भाची मांडीपासून सरकली.

“मग बाबा तुझ्याशी बोलतात कसे?” तिने विचारलं.

भुताईने पिशवी उचलली. ती निघाली तेव्हा भाऊ दारापर्यंत आला, “सावकाश जा,” म्हणाला. मुलगी आली नाही.

टिपणाऱ्या त्या बाईला तिने फोन करून व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं, सगळं कारणही सांगितलं. बाई हरखलीच. “अहो, मग दुसरा भाग करूया की! भावाला घेऊन या.” भुताईने फोन ठेवला. व्हिडिओ तसाच राहिला, लोक बघत राहिले, हळहळत राहिले. चौथं पुस्तक तिने पुन्हा छापलं नाही. मागणी आली की ‘संपलं’ म्हणून कळवायची. दुसऱ्या छपाईतल्या उरलेल्या साठ प्रती पलंगाखाली सरकवल्या.

लॅबमध्ये कुणी भुताई म्हटलं की आता ती मान वर करत नसे. दोन महिन्यांनी एका सकाळी हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. या वेळी गोष्ट कपाटाबाहेरच्या मुलीची होती. त्या गोष्टीत भूत नव्हतं. सोळा चिठ्ठ्या झाल्यावर तिने पेन्सिल खाली ठेवली आणि भावाला फोन लावला.

“लिहू का रे?” तिने विचारलं. “तू नको म्हणालास तर नाही लिहिणार.”

पलीकडे डेपोचा गोंगाट होता. कुणीतरी शिट्टी मारली.

“गाडी सुटायची वेळ झाली,” तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

तिने अजून दुसऱ्यांदा विचारलेलं नाही. सोळा चिठ्ठ्या रबर लावून ठेवल्या आहेत. सकाळी सहाला जाग येतेच. ती उठते, चहा करते आणि लॅबची वेळ होईपर्यंत खिडकीशी बसते.