तीन सर्व्हरांचं एकमत

मामा माझे साहेब आहेत, ही माझ्या नोकरीतली खरी घाण. घरी मामा म्हणायचं, ऑफिसात सर, आणि दोन्हीकडे नंदीबैलासारखी मान डोलवायची.

रुग्णवाहिका मागवण्याच्या फोनसाठी मी आठ महिने खपून एक व्यवस्था आखली. तीन सर्व्हर, तीन वेगळ्या इमारतींत. एक बंद पडला तरी उरलेले दोघे आपापसात ताळमेळ जमवतात आणि गाडी पाठवतात. या ताळमेळाला मी अहवालात ‘एकमत’ म्हटलं. तिथेच माती खाल्ली.

सोमवारी फोन सुरू होणार होते. शुक्रवारी मी तपासणीसाठी सर्व्हरच्या खोलीत शिरले आणि डोकं भणभणलं. तिन्ही सर्व्हर एकाच कपाटात, आणि तिघांच्या वायरी एकाच चिकट एक्स्टेंशन बोर्डात.

“मामा, हे काय?”

“सर,” शर्टावरचा बिस्किटाचा भुगा झटकत ते म्हणाले. “अगं, वेगवेगळे कप्पे दिलेत की! तीन इमारतींत हेलपाटे कोण घालणार?”

“या बोर्डाची वीज गेली की सगळंच बसेल. गाडीविना माणूस मरेल कुणाचा तरी.”

“शुभ बोलावं जरा.”

तपासणी अधिकारी आले. मामांनी एका सर्व्हरची वायर उपटली, बाकीचे दोन बिनबोभाट चालत राहिले. अधिकाऱ्यांनी लगेच पेन काढलं. मला शिसारी आली. मी पुढे झाले आणि बोर्डाचं बटण बंद केलं.

तिन्ही सर्व्हर गपगार. कोपऱ्यात सराव करत बसलेल्या फोनवालीने कानावरचा हेडफोन काढला. “ताई, स्क्रीन काळी झाली.”

आता मामांची तंतरणार, असं मला वाटलं. कसली तंतरते!

“बघितलंत ना साहेब?” मामा हसतमुखाने म्हणाले. “तिन्ही एका क्षणी बंद. एकही मागे राहिला नाही. हेच ते एकमत.”

अधिकाऱ्यांनी जिभेला बोट लावून माझा अहवाल चाळला, ‘एकमत’ शोधलं आणि त्यापुढे बरोबरची खूण केली. “छान. लिहिल्याबरहुकूम आहे.” खाली सही ठोकली.

“अहो, उलटं आहे हे!” मी ओरडले. “हाच तर बिघाड!”

“भाची माझी,” मामा कौतुकाने म्हणाले. “फार मनाला लावून घेते.” दोघे खो खो हसले.

फोनवाली मात्र हसली नाही. “सर, सोमवारी असं झालं तर समोरच्या माणसाला काय सांगायचं?”

“धीर धरा म्हणायचं. फोन ठेवू नका म्हणायचं.”

“पण सर, फोनही याच बोर्डावर आहे. तोसुद्धा गेलाय.”

मामांनी क्षणभर विचार केला.

“मग काळजीच मिटली,” ते म्हणाले. “तक्रार येणार कुठून?” आणि अधिकाऱ्यांना सोडायला लिफ्टपर्यंत गेले.