कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन

ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या बाईला बाटलीतून निघालेलं क्रीम जसंच्या तसं लावणं म्हणजे कमीपणा वाटतो. यात दोन थेंब ते, त्यात बोटभर हे, असं कालवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. ताई तर त्यात एकदम तरबेज. तिच्या वाटीत जमतं ते बाजारात मिळत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि ती फुगायची. शेवटी तेच तिला भोवलं.

तिची धाकटी बहीण शाळेत खेळाची शिक्षिका. पोरं तिला शिट्टीबाई म्हणायची, म्हणून घरातही ती शिट्टीच झाली. कॉलेजात असताना तिच्या हातांवर आणि मानेवर कोडाचे पांढरे डाग उठले. त्यानंतर कितीतरी वर्षं ती भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांत वावरली. मग त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, "या डागांना ऊन चटकन भाजतं. सनस्क्रीन हात आखडता न घेता लावा, दर दोन तासांनी पुन्हा लावा, आणि खुशाल मैदानावर उभ्या राहा." शिट्टीने अर्ध्या बाह्यांचे टीशर्ट आणले. पहिल्या दिवशी पोरांनी विचारलं, तिने सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पोरं विसरलीसुद्धा.

मोठी माणसं कुठली विसरायला! शिट्टी पार्लरमध्ये डोकावून गेली की खुर्चीतली बाई आरशातून ताईकडे बघायची. "एवढं पार्लर आहे तुमचं, आणि बहिणीच्या त्या डागांवर काही उपाय नाही का हो?" ताई हसून वेळ मारून न्यायची. पण ते लागायचं.

शिट्टीचं सनस्क्रीन ताईच आणायची. ट्यूब बॅगेत चेंगरते म्हणून ती पंपाच्या बाटलीत भरून द्यायची. एकदा भरताभरता तिने त्यात शिट्टीच्या रंगाचं फाउंडेशन घातलं. फार घट्ट झालं, म्हणून वर लोशन ओतलं. मिश्रण असं जमलं की हातावर चोळताच डाग पुसट झाले.

"हे रंगीत कसं गं?" शिट्टीने विचारलं.

"हल्ली असंच मिळतं," ताई म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात आंतरशालेय स्पर्धा होत्या. शिट्टी दिवसभर उन्हात होती आणि मोबाइलवर गजर लावून दर दोन तासांनी ते लावत होती. संध्याकाळी घरी आली तेव्हा डाग लालभडक झाले होते. सकाळी मनगटावर फोड आले.

"कमी लावलं असणार तुम्ही," डॉक्टर म्हणाले. शेजारच्या खुर्चीत ताई बसली होती. आता बाटली बघायला मागतात की काय, अशी तिला भीती वाटली. त्यांनी मागितली नाही. ताईचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तिला स्वतःचीच किळस आली.

घरी आल्यावर ती शिट्टीच्या हातांवर ओल्या कापडाच्या घड्या ठेवत बसली.

"माझंच चुकलं," शिट्टी म्हणाली. "नीट लावायला हवं होतं. मुख्याध्यापक म्हणताहेत, तुम्ही आता लायब्ररी सांभाळा. हो म्हणून टाकते. ऊन काही माझ्या नशिबात नाही."

ताईच्या हातातली घडी तशीच राहिली. गप्प राहिलं तर कुणाला कधी कळणार नव्हतं. डॉक्टरांनी चूक शिट्टीच्या पदरात घातली होती, आणि तिने ती मुकाट्याने घेतलीही होती. हेच ताईला सोसवेना.

"शिट्टे, तू बरोबर लावलंस. मीच त्यात भेसळ केली. फाउंडेशन घातलं, लोशन घातलं. उन्हाला अडवणारं निम्मंसुद्धा उरलं नसेल त्यात."

शिट्टीने विचारलं, "का?"

"तुला बरं वाटावं म्हणून..." ताई अडखळली. हेही खोटंच होतं. "नाही. मला बरं वाटावं म्हणून. बायका विचारतात गं. मला लाज वाटायची."

"माझी?"

ताईने मानेनेच हो म्हटलं. डोळे भरून आले, पण रडायचा हक्क आपला नाही हे तिला कळत होतं.

शिट्टीने हातांवरच्या घड्या काढून बाजूला ठेवल्या, फोन उचलला आणि मुख्याध्यापकांना सांगितलं, "सर, लायब्ररी नको. फोड बसले की मी मैदानावर येते." फोन ठेवल्यावर ती ताईला म्हणाली, "मला डाग लपवायचे नव्हते गं ताई. मला फक्त उन्हात उभं राहायचं होतं." आवाज चढला नाही. चढला असता तर ताईला बरं वाटलं असतं.

फोड बसले, नवी कातडी आली. भांडण झालं नाही, अबोला धरला गेला नाही. शिट्टी पूर्वीसारखीच थट्टा करायची, ताईच्या हातचा चहा प्यायची. ताईला वाटलं, मिटलं एकदाचं.

मैदानावर परत जायच्या आदल्या संध्याकाळी शिट्टी स्वतः मेडिकलमध्ये जाऊन नवी ट्यूब घेऊन आली आणि टेबलावर ठेवून पाणी प्यायला वळली. ताईने ट्यूब उचलली. तिला नुसती तारीख बघायची होती, देवाशपथ तेवढंच.

शिट्टी परत फिरली आणि तिने ती ताईच्या हातातून काढून घेतली. रागाने नाही. तान्ह्या पोराच्या हातातून कात्री काढून घ्यावी, तशी अलगद.

"राहू दे गं ताई," ती म्हणाली, आणि ट्यूब स्वतःच्या खोलीत घेऊन गेली.